बॅनॉकबर्नला आधी जमीन बघा, मग पडदा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्कॉटलंडच्या आठ दिवसांतला एक दिवस स्टर्लिंगसाठी ठेवला आहे. किल्ला तर बघणारच. पण तिथून जवळच बॅनॉकबर्नच्या रणभूमीवर, जिथे १३१४ मध्ये स्कॉटांनी इंग्रजांना हरवलं, थ्रीडी पडद्यांचं केंद्र आहे, त्यासाठी अर्धा दिवस द्यावा का? बरोबर गडकिल्ल्यांचं वेड असलेला ११ वर्षांचा मुलगा आहे आणि ७२ वर्षांच्या सासूबाई आहेत. त्यांचे गुडघे दुखतात आणि इंग्रजी बेताचं आहे. त्यात ओळखीच्या एकांनी सांगितलं, "तिकडे काही नाही, नुसता माळ आणि एक पुतळा."

जरूर जा. मात्र त्या ओळखीच्या माणसाचंही सगळं चूक नाही. मी १५ वर्षं मराठी मंडळींना ब्रिटनमध्ये फिरवतो आहे. बॅनॉकबर्नहून भारावून परतणारी माणसं मी पाहिली, तशी "एवढंच होतं?" असं विचारणारीही पाहिली. तिकीट तेच, खेळ तोच. फरक पडतो तो तिथली जमीन पाहिली की नाही यानं.

माझा पहिला गट तिथे नेला तेव्हाची गोष्ट सांगतो. बसमधून उतरलो, थेट आत गेलो, चष्मे लावले, लढाई पाहिली. बाहेर येऊन पुतळ्यापाशी फोटो काढले आणि पुन्हा बसमध्ये बसलो. गटातल्या एका आजींनी खिडकीतून बाहेर बघत विचारलं, "पण लढाई झाली कुठे रे?" मला सांगता आलं नाही. दीड तास त्या जागेवर काढूनही आम्ही जागा पाहिलीच नव्हती. पुढच्या खेपेला मी एक दिवस आधी एकटा गेलो आणि नकाशा घेऊन सगळा परिसर पायी फिरलो. त्यानंतर ठरवून टाकलं: आधी बाहेर, मग आत, मग पुन्हा बाहेर. आजवर हा क्रम मोडलेला नाही.

पण त्याच्याही आधी, आदल्या रात्री जेवताना, सासूबाईंना आणि मुलाला सगळी गोष्ट मराठीत सांगा. आत जे ऐकू येतं ते इंग्रजीत, तेही स्कॉटिश वळणाचं, आणि पडद्यावर घोडे अंगावर येत असताना कानात कुजबुजून भाषांतर करता येत नाही. गोष्ट माहीत असेल तर सासूबाईंना एक शब्द कळला नाही तरी काही अडत नाही.

मी ती अशी सांगतो. इ. स. १२९६ पासून इंग्लंडच्या राजानं स्कॉटलंडवर ताबा बसवायला सुरुवात केली. १२९८ मध्ये फॉल्कर्कला स्कॉट सेनानी विल्यम वॉलेसच्या सैन्याचा मोठा पराभव झाला. तो कसा झाला हे मुलाच्या मनात पक्कं बसवा, कारण बॅनॉकबर्नची किल्ली तिथे आहे. स्कॉट सैन्य बहुतांश पायदळाचं. ते बारा-बारा फुटांचे भाले बाहेर रोखून दाट घोळक्यानं उभे राहायचे. या रचनेला शिल्ट्रन म्हणतात. साळिंदरानं काटे फुलवावेत तशी ती दिसते आणि घोडदळाला फोडता येत नाही. पण फॉल्कर्कला हे घोळके एका जागी खिळून उभे राहिले. इंग्रज धनुर्धाऱ्यांनी लांबूनच बाणांचा वर्षाव केला, घोळके विरळ झाले, मग घोडदळ आत घुसलं. उभं राहिलेलं साळिंदर बाणांपुढे टिकत नाही, हा त्या दिवसाचा धडा.

१३०६ मध्ये रॉबर्ट द ब्रूस या स्कॉट सरदारानं स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला आणि वर्षभरात त्याचं जवळजवळ सगळं गेलं. सैन्य मोडलं, भाऊ मारले गेले. बायको एलिझाबेथ, लहान मुलगी मार्जरी आणि बहिणी इंग्रजांच्या हाती लागल्या. त्याच्या एका बहिणीला रॉक्सबरोच्या किल्ल्यात पिंजऱ्यात ठेवलं होतं. सासूबाई इथे नक्की थांबवतील आणि त्या बायकांचं पुढे काय झालं ते विचारतील. ते शेवटी सांगा.

पुढची काही वर्षं ब्रूसनं समोरासमोरची लढाई टाळली. डोंगर, जंगल, दलदल यांच्या आधारानं छापे घातले, एकेक किल्ला परत घेतला. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. १३१४ च्या मार्चमध्ये त्याचा भाचा थॉमस रँडॉल्फ थोडी निवडक माणसं घेऊन रात्रीच्या अंधारात एडिंबरोच्या किल्ल्याचा कडा चढून गेला. वाट दाखवणारा एक माणूस होता. तरुणपणी त्याच किल्ल्यात राहत असताना तो रात्री गावातल्या एका स्त्रीला भेटायला त्याच कड्यानं उतरायचा, म्हणून त्याला वाट पाठ. तुमचा मुलगा १६७० चा सिंहगड किंवा १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदानं मूठभर माणसांनिशी घेतलेला पन्हाळा आठवून उडी मारेल. मारू द्या. पण लगेच पुढचंही सांगा, कारण खरी गंमत फरकात आहे. महाराज किल्ला घेतला की तो डागडुजी करून राखायचे, आज्ञापत्रात तर दुर्गांना राज्याचं सार म्हटलं आहे. ब्रूस किल्ला घेतला की पाडून टाकायचा. इतके किल्ले राखायला त्याच्याकडे शिबंदी नव्हती, आणि उभा किल्ला पुन्हा इंग्रजांच्या हाती गेला तर तो त्याच्याच उरावर बसणार. एकाच प्रकारच्या युद्धातून निघालेले हे दोन उलटे निर्णय आहेत. का, यावर बापलेकांनी तासभर वाद घालावा असा हा विषय आहे.

स्टर्लिंगचा किल्ला मात्र अजून इंग्रजांकडे होता. ब्रूसच्या भावानं, एडवर्ड ब्रूसनं, वेढा घातला आणि किल्लेदार फिलिप मोब्रेशी करार केला: २४ जून १३१४ पर्यंत इंग्लंडची कुमक पोहोचली नाही तर किल्ला आमच्या स्वाधीन करा. आता इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड याला येणं भागच पडलं. ब्रूसला जी उघडी लढाई नको होती ती भावाच्या शब्दामुळे दारात आली. इंग्रजांकडे अंदाजे १५ ते २० हजार माणसं, त्यांत दोन हजारांहून जास्त जड घोडेस्वार. ब्रूसकडे सहा ते आठ हजार, बहुतेक भालाईत. आकड्यांवर इतिहासकारांचं एकमत नाही, पण प्रमाण साधारण हेच धरतात.

एवढी गोष्ट पोटात घेऊन सकाळी निघा. एडिंबरोहून स्टर्लिंगला रेल्वेनं पाऊण ते एक तास लागतो, ग्लासगोहून त्याहून कमी. एडिंबरोच्या गाडीला वाटेत फॉल्कर्क लागतं, मुलाला दाखवा. स्टर्लिंग स्थानकापासून केंद्र तीन-चार किलोमीटरवर दक्षिणेला आहे. बस जाते, पण सासूबाईंसाठी टॅक्सी करा. पुढे ती पुन्हा लागणार आहे.

आधी आत जाऊ नका. तिकिटावर वेळ ठरलेली असते, त्याच्या निदान अर्धा तास आधी पोहोचा आणि माळावर जा. बाहेरचा परिसर फुकट आहे आणि चढ सौम्य आहे. वर ब्रूसचा घोड्यावरचा ब्राँझचा पुतळा आहे, पिल्किंग्टन जॅक्सन या शिल्पकारानं केलेला, १९६४ मध्ये राणी एलिझाबेथच्या हस्ते अनावरण झालेला. चेहरा मनानं घडवलेला नाही. ब्रूसची कबर एकोणिसाव्या शतकात डनफर्मलिनला सापडली तेव्हा त्याच्या कवटीचा साचा घेतला होता, त्यावरून शिल्पकारानं चेहरा केला. पुतळ्याजवळ फोटो काढा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे उत्तरेकडे वळा. लांब कड्यावर स्टर्लिंगचा किल्ला दिसेल. इंग्रज सैन्याला त्या किल्ल्यापर्यंत पोहोचायचं होतं आणि तुम्ही उभे आहात ती जागा त्यांच्या वाटेवर आडवी होती. इथे तेव्हा राजाच्या शिकारीचं राखीव रान होतं आणि ब्रूस झाडीच्या आडोशानं उभा होता. समोरच्या वाटेवर त्याच्या माणसांनी खड्डे खणून वर काटक्या आणि गवत पसरलं होतं. म्हणजे सरळ वाट बंद. मुलाला इथे एकच प्रश्न विचारा: "तू इंग्रज सेनापती आहेस, सरळ जाता येत नाही. कुठून जाशील?" त्याला बोट दाखवू द्या. उत्तर सांगू नका.

आता आत जा. हे केंद्र २०१४ मध्ये, लढाईला ७०० वर्षं झाली त्या निमित्तानं नव्यानं बांधलं. जुनी इमारत पाडली. नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड ही संस्था ते चालवते. आत काचेच्या कपाटात गंजलेल्या तलवारी शोधू नका, तसं हे संग्रहालय नाही. या लढाईच्या वस्तू जमिनीत फारशा सापडलेल्याच नाहीत, त्यामुळे सगळा भर पडद्यांवर आहे. थ्रीडी चष्मा लावून तुम्ही दोन सैन्यांच्या मधोमध उभे राहता. एका बाजूच्या भिंतीवर भालाईत, दुसरीकडे घोडदळ, आणि ते एकमेकांवर, म्हणजे तुमच्या अंगावर, चालून येतात. दुसरीकडे माणसाच्या उंचीची पात्रं आहेत, धनुर्धारी, सरदार, खुद्द दोन्ही राजे. समोर उभं राहून हात हलवला की ती बोलू लागतात. मुलं इथून हलत नाहीत. आवाज मोठा आहे आणि बाण डोळ्यांसमोर येतो, म्हणून पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल असतं तर मी सांभाळून न्या म्हटलं असतं. ११ वर्षांच्या मुलाला काही नाही. सासूबाईंना नेहमीचा चष्मा असेल तर थ्रीडीचा त्यावरच बसवता येतो. गरगरलं तर तो काढून घ्यावा आणि बाजूला टेकावं. बसायला कुठे मिळेल हे आत शिरतानाच विचारून ठेवा.

मग येतो लढाईचा दिवाणखाना. माझ्या मते सगळ्या पैशांचं मोल इथे आहे. मध्ये मोठं गोल मेज, त्यावर रणभूमीचा उंचसखल नकाशा, आणि वरून पडणाऱ्या प्रकाशानं त्यावर सैन्यं सरकतात. तीसेक जणांचा गट असतो. प्रत्येकाला एकेका तुकडीचं सेनापतिपद मिळतं आणि केंद्राचा एक जाणता माणूस खेळ चालवतो. तुम्ही हुकूम द्यायचे. इतिहासात झालं तेच होईल असं नाही, इंग्रज जिंकूही शकतात. मी अनेकदा पाहिलंय, स्कॉट बाजूला बसलेली सावध माणसं भालाईतांना जागच्या जागी उभं करतात आणि धनुर्धारी त्यांना संपवतात. फॉल्कर्क पुन्हा घडतं. गोष्ट ऐकून आलेलं मूल इथे ओरडतं, "हलवा त्यांना, हलवा!" खेळाचं तिकीट आधीच काढा. गट लहान असतो आणि उन्हाळ्यात जागा लवकर भरते.

एक मात्र आहे. मेजावर ओढा म्हणजे निळी रेघ आणि दलदल म्हणजे वेगळा रंग. घोड्याचा पाय घोट्यापर्यंत रुतला की काय होतं ते मेज सांगत नाही. म्हणून पुन्हा बाहेर.

आता दोन दिवसांत काय झालं ते, जागेवरच. २३ जूनला इंग्रजांची आघाडी पोहोचली. हेन्री डी बोहन नावाच्या तरुण सरदाराला ब्रूस एका लहानशा घोड्यावर आपल्या रांगांसमोर फिरताना दिसला. त्यानं भाला रोखून घोडा फेकला. ब्रूस शेवटच्या क्षणी बाजूला झाला, रिकिबीत उभा राहिला आणि कुऱ्हाडीच्या एका घावात त्याचं डोकं फोडलं. सरदार रागावले, राजानं असा जीव धोक्यात घालावा का म्हणून. तो म्हणाला म्हणे, माझी चांगली कुऱ्हाड मोडली, तेवढंच वाईट वाटतं. हे जॉन बार्बर या कवीनं १३७५ च्या सुमारास लिहिलं, लढाईनंतर साठेक वर्षांनी. आपल्या बखरी वाचतो त्याच नजरेनं ते वाचायचं: द्वंद्व झालं यात शंका नाही, संवाद कवीचा असू शकतो. त्याच दिवशी किल्ल्याकडे बगल देऊन निघालेल्या इंग्रज घोडदळाच्या तुकडीला रँडॉल्फच्या भालाईतांनी अडवलं आणि परतवलं.

सरळ वाट बंद, बगलही बंद. मग एडवर्डचं सैन्य संध्याकाळी उजवीकडे खाली उतरलं, ओढ्यांमधल्या सखल, ओलसर पट्टीत. बॅनॉकबर्न या नावातला 'बर्न' म्हणजेच ओढा. जूनमध्ये स्टर्लिंगला रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि पहाटे साडेचारच्या आसपास सूर्य उगवतो. त्या छोट्याशा रात्री माणसं आणि घोडे चिखलात अवघडून राहिले. त्याच रात्री इंग्रजांच्या बाजूचा एक स्कॉट सरदार, अलेक्झांडर सीटन, ब्रूसकडे आला आणि म्हणाला, त्यांचा धीर खचलाय, उद्या लढा.

हे सगळं बघायचं तर पुतळ्याच्या माळावर थांबून भागत नाही. दुसऱ्या दिवसाची नेमकी जागा कोणती यावर अभ्यासकांत वाद आहे, पण बहुतेकांचं मत माळाच्या पूर्वेला, बॅल्क्विडरॉक नावाच्या झाडीच्या उताराखालच्या सपाटीकडे झुकतं. पुतळ्यापासून पायी अर्धा तास, वाटेत आता घरं आणि शाळा आहेत. सासूबाईंना चालवू नका, टॅक्सी करा. तुम्ही आणि मुलगा झाडीच्या कडेपर्यंत जा. पायात चिखल चालेल असे बूट हवेत, आणि पावसाचं जाकीट जूनमध्येही सोडू नका.

तिथे उताराच्या काठावर उभे राहिलात की सगळं एका नजरेत कळतं. खाली सपाट पट्टी, दोन्ही अंगांना पाणी. २४ जूनच्या पहाटे स्कॉट भालाईत या उतारावरून खाली चालत गेले. वाटेत त्यांनी गुडघे टेकून प्रार्थना केली. ते पाहून एडवर्डला वाटलं, हे दयेची भीक मागताहेत. ग्लॉस्टरचा तेविशीतला अर्ल, म्हणजे इंग्रजांचा एक मोठा सरदार, घाईनं चालून गेला आणि पहिल्यांदा भाल्यांवर पडला. भाल्यांचे घोळके थांबले नाहीत, पुढे सरकत राहिले. फॉल्कर्कचा धडा ब्रूस सोळा वर्षं विसरला नव्हता. त्यानं आपल्या लोकांना चालत लढायला शिकवलं होतं. इंग्रजांचे हजारो स्वार त्या अरुंद जागेत एकमेकांवर दाबले गेले. धनुर्धारी मागे अडकले, आणि जे बाजूला येऊन बाण सोडू लागले त्यांना स्कॉटांच्या हलक्या घोडदळानं उधळलं. मोठ्या सैन्याचं मोठेपणच तिथे अडचण झालं. १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाच्या फौजेचं काय झालं हे तुमच्या मुलाला ठाऊक असेल. इथे खिंड नाही, दोन ओढे आहेत, पण सैन्याला हलायला जागा न ठेवणं तेच.

राजा एडवर्डला त्याच्या सरदारांनी ओढून बाहेर काढलं. तो स्टर्लिंगच्या किल्ल्याशी गेला, पण किल्ला आता करारानं ब्रूसच्या हाती जाणार होता, म्हणून मोब्रेनं त्याला परत पाठवलं. मग डनबारपर्यंत घोडदौड आणि तिथून होडीनं सुटका. ब्रूसनं स्टर्लिंगचीही तटबंदी पाडली. दुपारी तुम्ही जो किल्ला बघाल तो म्हणून बहुतांशी पंधराव्या-सोळाव्या शतकातला आहे, हे मुलाला सांगून ठेवा. एडवर्डनं आपल्या विजयाचं काव्य रचायला रॉबर्ट बॅस्टन नावाचा एक कवी बरोबर आणला होता. तो पकडला गेला आणि सुटकेसाठी त्याला स्कॉटांच्या विजयावर कविता लिहावी लागली. लढाई मात्र इथेच संपली नाही. इंग्लंडनं स्कॉटलंडचं स्वातंत्र्य मान्य केलं ते १३२८ मध्ये, ब्रूसच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी.

दिवसाचं गणित असं ठेवा: सकाळी माळ अर्धा तास, आत दीड तास, मग केंद्राच्या उपाहारगृहात चहा आणि तुम्ही नेलेली पोळी-चटणी बाहेरच्या बाकावर. नंतर टॅक्सीनं खाली झाडीकडे पाऊण तास, आणि दुपार स्टर्लिंगच्या किल्ल्यासाठी. किल्ल्यात दगडी फरसबंदी आणि चढ आहे, सासूबाईंचे गुडघे तिथे जास्त दुखतील. म्हणून सकाळी त्यांना अजिबात दमवू नका. वेळ कमी पडला तर मी किल्ल्यातली एखादी दालनं सोडेन, झाडीचा उतार सोडणार नाही.

जाता जाता टॅक्सी बॅनॉकबर्न गावातल्या पुलावर पाच मिनिटं थांबवा. खाली तोच ओढा आहे. सासूबाईंना इथे उतरून कठड्याशी उभं राहता येईल. पाहून वाटतं, एवढासा? बार्बर लिहितो की त्या दिवशी हा ओढा माणसांनी आणि घोड्यांनी इतका भरला होता की पाय न भिजवता पार जाता येत होतं. आणि त्या बायकांचं काय झालं हे इथेच सांगा: पळताना इंग्रजांचा हेरफर्डचा अर्ल पकडला गेला. त्याच्या बदल्यात ब्रूसनं आपली बायको, मुलगी आणि बहीण सोडवली. मुलगी आठ वर्षांनी घरी आली.